साभार परत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, उमापूर. १९८६ च्या दहावीच्या तुकडीतर्फे व्यक्त केलेले मनोगत)



निवेदकाने माझी ओळख 'प्रसिद्ध साहित्यिक' अशी करून दिली. त्याचा दोष नाही, पत्रिकेतच तसं छापलंय. खरं सांगायचं तर माझी पुस्तकं दोन. त्यातल्या दुसऱ्या पुस्तकाच्या दोनशे चाळीस प्रती माझ्या घरी दिवाणाच्या पेटीत आहेत. पाहुणे आले की माझ्या साहित्यावरच झोपतात. एवढीच प्रसिद्धी.

लिखाण कसं सुरू झालं, पुस्तक कसं निघतं, त्यातलं सुखदुःख काय, ते वीस मिनिटांत सांग, असं संयोजक म्हणाले. सुखाचं वीस मिनिटांत होईल. दुसऱ्याचं बघू.

सुरुवात याच शाळेत झाली. आपलं हस्तलिखित आठवतंय ना? वर्षाला एक अंक, जाड पुठ्ठ्याचा, पाठीला निळी कापडी पट्टी. मराठीचे सर निबंध निवडायचे, लाल शाईने तपासायचे आणि मग ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडून उतरवून घ्यायचे. आठवीत माझा 'आमच्या गावचा बाजार' हा निबंध निवडला गेला. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, कोंबडीचे पाय शाईत बुडवल्यासारखं. म्हणून निबंध लिहिला मी आणि उतरवला माझ्या बाकावरच्या मित्राने. त्याचं अक्षर असं की सर दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायचे. सव्वीस जानेवारीला तो अंक टेबलावर मांडला आणि आम्ही दोघं दिवसभर त्याच्याभोवती घुटमळत राहिलो. कोणी पान उलटलं की त्याला वाटे आपलं अक्षर वाचतोय, मला वाटे आपला निबंध वाचतोय. एका प्रतीची आवृत्ती. माझी संपूर्ण संपलेली आवृत्ती आजवर तेवढीच.

त्या मित्राने नववीत दिवाळीनंतर शाळा सोडली. घरच्यांसोबत ऊसतोडीला गेला. त्याच्याविषयी पुढे बोलणार आहे. त्याला विचारूनच बोलतोय.

मला मात्र छापून येण्याची चटक लागली. सरांच्या कपाटात 'सत्यकथे'चे जुने अंक होते. त्यांवरचा पत्ता मी पाठ केला होता. मौज, खटाववाडी, गिरगाव, मुंबई. दहावीत असताना एक गोष्ट लिहून पाकीट तयार केलं आणि पोस्टात टाकायच्या आधी सरांना दाखवलं. सर पाकिटाकडे बघून हसले. म्हणाले, "अरे, 'सत्यकथा' ८२ सालीच बंद पडली." चार वर्षांपूर्वी बंद झालेल्या मासिकात मी कथा देणार होतो. गावात बातमी उशिरा येते, पण इतक्या उशिरा यावी?

पुढे डी.एड.ला अंबाजोगाईला होतो. तिथे दासोपंतांची पासोडी आहे, ती बघायला आम्ही पोरं गेलो. चारशे वर्षांपूर्वीचा आपल्याच जिल्ह्यातला हा लेखक. भगवद्गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा 'गीतार्णव' लिहिला आणि चाळीसेक फूट लांब कापडावरही ग्रंथ लिहून काढला. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची अशी आख्यायिका सांगतात. मी त्या कापडाकडे बघत उभा होतो आणि डोक्यात एकच विचार, या माणसाला परतीच्या पाकिटाची कटकट नव्हती.

परतीचं पाकीट काय असतं ते आताच्या पोरांना ठाऊक नसेल. आता लेख मोबाईलवरून जातो, उत्तर आलं तर येतं. तेव्हा पद्धत होती. फुलस्केप कागद, एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, सुवाच्य अक्षरात. आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहून, तिकिटं लावून एक पाकीट जोडायचं. म्हणजे आपल्या नकाराचं भाडं आपणच आगाऊ भरायचं. संपादकाला कथा आवडली तर साधं कार्ड येई. नाही आवडली तर आपलंच पाकीट आपल्याकडे येई, आत आपले कागद आणि वर एक छापील चिठ्ठी, 'साभार परत'.

मी १९९० ला जालना जिल्ह्यात शिक्षक म्हणून लागलो. त्या गावच्या पोस्टमनला माझं सगळं कळायचं. पाकिटावर माझंच वेडंवाकडं अक्षर. लांबूनच ओळखू यायचं. तो बिचारा वर्गाच्या दारात यायचा, हात मागे धरून, आणि म्हणायचा, "गुरुजी, मधल्या सुट्टीत देऊ का?" पोरांसमोर नको म्हणून. पाच वर्षांत सतरा वेळा. मी वहीत लिहून ठेवत होतो.

लेखक लोक भाषणात सांगतात की नकाराने माणूस घडतो, कणखर होतो. मी ऐकून घेतो. माझा अनुभव तसा नाही. नकाराने मी हुशार झालो, आणि ती हुशारी चांगली नव्हती. प्रत्येक पाकीट परत आलं की मी छापून आलेल्या कथा काढून बसायचो आणि बघायचो, यांना गावाकडचं काय हवंय? दुष्काळ चालतो. सावकार चालतो. दारू फार चालते. माणसं आधीच दरिद्री, त्यात दारुडा बाप घातला की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. असं माझं मीच ठरवलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, हे आधीच स्पष्ट करतो. तेव्हाही चांगल्या कथा छापल्या जात होत्या, आपल्या मराठवाड्यातल्या माणसांच्याही. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' घ्या. भाव न मिळाल्याने बाजारात टोमॅटो तुडवणारा बाप आहे त्यात, आणि एवढ्याने ती कथा उभी राहते. पुढे पाठ्यपुस्तकात आली तेव्हा मी ती वाचली आणि पुस्तक मिटून बसलो. कारण तोवर माझ्या हातून जे व्हायचं ते झालं होतं.

मी 'उचल' नावाची कथा लिहिली होती. विषय तुम्हाला सांगायला नको, समोरच्या निम्म्या लोकांच्या घरात तो झालेला आहे. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीला कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, नगरकडे कारखान्यांवर जायचं, पाडव्याच्या आसपास फिटलं तर फिटलं म्हणून परत यायचं. आजारी पडलं, काम बुडलं की खाडा, तो वेगळा कापून. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि शाळेतलं पोरगं मोठं दिसायला लागलं की अर्धा कोयता. माझ्या कथेतलं पोरगं नववीतलं होतं. अक्षर सुंदर होतं त्याचं.

पहिल्या खर्ड्यात ती उचल आजीच्या दवाखान्यात जात होती. खरं तसंच होतं. त्याच्या आजीला गाडीत घालून नेलं तेव्हा त्याच्यासोबत मीही बैलगाडीत बसलो होतो. गेवराईला डॉक्टरांनी हात टेकले म्हणून पुढे औरंगाबादला घाटीत नेलं. पैसा सगळा त्यात गेला, आजी काही वाचली नाही, आणि पोरगं कोपीवर गेलं. ही कथा तीन ठिकाणांहून साभार परत आली. चौथ्या वेळी मी दवाखाना काढला आणि बाप दारुडा केला. फार नाही, दोन पानं बदलली. एका संध्याकाळचं काम.

महिनाभरात कार्ड आलं. 'आता कथेला धार आली आहे. दिवाळी अंकासाठी स्वीकारली आहे.' संपादकांना मी दोष देत नाही. त्यांनी उमापूर पाहिलेलं नव्हतं, मी पाहिलेलं होतं.

तो आनंद मात्र लपवणार नाही. १९९६ ची दिवाळी. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ ला 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळासोबत अंक लागतो, आणि आता त्यातल्या एकात आपलं नाव. अंक आला त्या दिवशी मी वर्गाला सुट्टी दिली नाही, पण शिकवलंही नाही. अनुक्रमणिका, मग पान, मग पुन्हा अनुक्रमणिका. रात्री उशाशी घेऊन झोपलो. बायको म्हणाली, "त्याला अंगडं-टोपडं तरी घाला." दीडशे रुपये मानधनाची मनिऑर्डर आली. पोस्टमनने त्या दिवशी हात मागे धरला नाही, लांबूनच ओरडत आला. त्या पैशांची मी त्याला आणि शाळेला मिठाई वाटली, वर खिशातले चाळीस गेले.

एक अंक सरांना पाठवला. सरांचं कार्ड आलं. पाचवं पान 'शीर' नव्हे 'शिर', नववं पान अनुस्वार सुटला, अशा नऊ चुका, आणि खाली 'आनंद झाला'. कार्ड जपून ठेवलंय, सर.

दिवाळीला गावी आलो ते छाती काढून. पण दिवाळी म्हणजे आपल्याकडे गाड्या भरायचे दिवस. मला वाटलं होतं, अंक पुण्या-मुंबईत वाचला जाईल. पारावर वाचला जाईल असं डोक्यात आलंच नव्हतं. कोणीतरी कौतुकानेच वाचून दाखवला, आपल्या गावचा पोरगा लेखक झाला म्हणून. नावं मी बदललेली होती. पण उमापुरात नाव बदलून काय लपतं? कोणत्या पोराने नववीत शाळा सोडली आणि कोणाचं अक्षर तसं होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक.

पाडव्याच्या संध्याकाळी तो घरी आला. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी निघणार होती. आत आला नाही, ओट्यावर टेकला. मला म्हणाला, "तुला म्हाईत व्हतं ना, पैसे कशात गेले ते?"

मी हो म्हणालो.

"मंग दारू कशाला लिव्हली?"

मी काहीतरी बोललो. कथा म्हणजे कल्पना असते, ते तुझे आण्णा नाहीत, साहित्यात असं करावं लागतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आण्णानं ऐकलं पारावर. रातच्याला मला म्हनला, मी कव्हा पेलो रं?" आणि उठून गेला.

माळकरी माणूस होता तो. ते मला माहीत होतं.

मित्रांनो, सतरा पाकिटांचं दुःख मी वहीत लिहून ठेवलं होतं. हे कुठे लिहिणार? पुढची दोन वर्षं मी गावी यायचो आणि त्यांच्या गल्लीने जायचं टाळायचो. आण्णा पारावर दिसले तर मागच्या बाजूने. माफी मागायची तर एक वाक्य लागतं, आणि वाक्यं जुळवणं हाच माझा उद्योग, पण ते जुळलं नाही. मग आण्णा गेले. दहाव्याला गेलो, मित्राने चहा दिला. दोघंही काही बोललो नाही.

त्या काळात मी दया पवारांचं 'बलुतं' पुन्हा काढलं. १९७८ चं पुस्तक. त्यात लेखक दगडू मारुती पवारची गोष्ट ऐकतो, आणि दगडू म्हणजे तो स्वतःच. उघडं करायचं तर त्यांनी स्वतःला केलं. मी दुसऱ्याच्या बापाला केलं होतं, तेही खोटं.

पहिल्या पुस्तकाची वेळ आली २००३ ला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्याचं पहिलंच पुस्तक असेल त्याच्यासाठी. आपल्यात कोणाचं पोरगं-पोरगी लिहीत असेल तर लक्षात ठेवा. पैसे देऊन पुस्तक काढण्याआधी ही वाट बघावी. हस्तलिखित पाठवायचं, तज्ज्ञ वाचतात, वेळ लागतो, पण वाचलं जातं. माझं मंजूर झालं. पुस्तकात 'उचल' घ्यायची की नाही यावर मी तीन महिने काढले. वगळली असती तर सोपं होतं. शेवटी दवाखाना परत घातला, बैलगाडी परत घातली, दारू काढली. एका परीक्षणात लिहून आलं की शीर्षककथा आधीच्या छापील रूपात जास्त परिणामकारक होती. वाचून हसू आलं. त्या एका संध्याकाळच्या कामाला अजून गुण मिळत होते.

पुस्तकाची पहिली प्रत मित्राला नेऊन दिली. त्याने तिथेच, उभ्यानेच, ती कथा वाचली. म्हणाला, "आता बरं हाय. पर ज्यानं पह्यलं वाचलं त्याच्याकडं हे कसं जाणार?"

याला उत्तर नाही. हस्तलिखितात चूक झाली तर सर पान काढून दुसरं चिकटवायचे. छापलेलं तसं काढता येत नाही. हजार प्रती हजार घरी जातात, रद्दीत जातात, पण परत येत नाहीत. परत येतं ते न छापलेलं.

दुसऱ्या पुस्तकाचं थोडक्यात सांगतो, कारण ती फजिती आहे. २०११. एका प्रकाशकाने चाळीस हजार रुपये घेतले आणि पाचशे प्रती काढतो म्हणाला. नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, असे पुष्कळ आहेत. मराठीत एकेकाळी अकराशे प्रतींची आवृत्ती रूढ होती, त्यातल्या बऱ्याचशा गावोगावच्या ग्रंथालयांत जायच्या. तो आधार कमी झाला तशा आवृत्त्या पाचशेवर, तीनशेवर आल्या. माझ्या तीनशे प्रती टेम्पोत घालून घरी आल्या, बाकीच्या 'वितरणात आहेत' असं अजून ऐकतोय. साठ मी वाटल्या. राहिलेल्या दिवाणात. आज वीस आणल्यात, बाहेर टेबलावर आहेत, कृपया फुकट न्या. पोतडीत परत नेताना माझी पाठ दुखते.

कधी वाटतं बहिणाबाई चौधरींचं बरं. अक्षरओळख नाही, जात्यावर आणि रानात सुचलं ते म्हटलं. मुलगा सोपानदेव लिहून ठेवायचा. त्या १९५१ ला गेल्या, मग वही आचार्य अत्र्यांपुढे गेली आणि १९५२ ला पुस्तक आलं. ना 'साभार परत', ना दिवाळी अंक, ना परीक्षण. पण हे वाटणं खरं नाही. मला छापून यायचंच होतं. आजही दिवाळी जवळ आली की पोस्टमनकडे लक्ष जातं, आणि आता तर तो पोस्टमनही निवृत्त झाला.

आता मित्राबद्दल. या मेळाव्यासाठी जी यादी झाली ती दहावीच्या निकालावरून झाली. साहजिक आहे. त्यामुळे आठवी-नववीत जे ऊसतोडीला गेले ते त्यात नव्हते. मी ग्रुपवर लिहिलं, आणि संयोजकांनी लगेच मान्य केलं, त्यांचे आभार. अकरा जणांचा पत्ता लागला. सात जण आज इथे बसलेत. प्रवेशद्वारावरचा फलक तुम्ही येताना वाचला असेल. डिजिटल बॅनर नाही, हाताने रंगवलेला आहे. ते अक्षर ओळखलं का, सर? मागच्या खांबाजवळ बसलाय तो.

हे मनोगत स्मरणिकेत छापायचं म्हणून मी आधी लिहून काढलं आणि परवा त्याच्याकडे पाठवलं. म्हटलं, तू म्हणशील ते काढतो, म्हणशील तर सगळंच काढतो. काल रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे समदं. आण्णा माळकरी व्हता, ते मातर नक्की छाप." ते मी छापतोय.

मग म्हणाला, "एक चूक हाय."

मी म्हटलं, कोणती?

"मी नववीत शाळा सोडली आसं लिव्हलंस. मी कुटं सोडली? गेलो तो गेलो, दाखला न्यायलाच आलो न्हाई. मव्हा दाखला आजून शाळंतच हाय."

सकाळी मुख्याध्यापकांना विनंती करून जुनं जनरल रजिस्टर काढायला लावलं. नाव आहे, जन्मतारीख आहे, आणि शाळा सोडल्याच्या तारखेचा रकाना कोरा आहे. मघाशी बोलताना मी सवयीने 'शाळा सोडली' असंच म्हणून गेलो. स्मरणिकेच्या संपादकांनी तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.